शेळीचे दात आणि डायनासोरचं शेण

हिवरे बाजारच्या डोंगरावर शेळीला चरायला बंदी आहे. गाईला आहे, म्हशीला आहे, मेंढीलाही आहे. माणसांनी विळा घेऊन जावं, गवत कापावं, भारा बांधून गोठ्यात आणावा. पण जनावर मोकळं सोडायचं नाही. तुम्ही म्हणाल, गवत शेवटी जनावराच्याच पोटात जाणार. मग ते डोंगरावर उभं राहून खाल्लं काय आणि दावणीला बसून खाल्लं काय? गाईला विचारलंत तर तीही हेच म्हणेल. पण हा प्रश्न खरं तर गवताला विचारायला हवा. आणि गवताचं उत्तर इतकं लांबलचक आहे, की ते ऐकता ऐकता आपण थेट डायनासोरच्या शेणापर्यंत जाऊन पोचणार आहोत. (नाक मुरडू नका. त्या शेणाचा केव्हाच दगड झालाय.)

हिवरे बाजार हे अहिल्यानगर जिल्ह्यातलं, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातलं, नगर तालुक्यातलं छोटं गाव. ढग कोकणात आणि घाटमाथ्यावर बरसून घेतात आणि उरलेसुरले इकडं येतात, त्यामुळे वर्षाला साधारण चारशे मिलिमीटर पाऊस. १९७२च्या दुष्काळानंतर गावाची पार दशा झाली होती. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, माणसं कामाच्या शोधात बाहेर. १९९०च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि गावानं काही नियम स्वतःवर घालून घेतले. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान वगैरे. डोंगरावर समतल चर खणले, पाणी अडवलं, झाडं लावली. शेतीसाठी बोअर पाडायची नाही आणि उसासारखं तहानलेलं पीक घ्यायचं नाही, असंही ठरलं. गवत वाढलं, जनावरांना चारा मिळाला आणि गावातलं दूध दिवसाला दीडशे लिटरवरून काही हजार लिटरवर गेलं. पोपटराव पवारांना २०२०मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ही गोष्ट तुम्ही कदाचित शाळेत ऐकली असेल, म्हणून तिथं जास्त थांबत नाही.

आपल्याला थांबायचंय त्या रेषेवर, जिथं चराईबंदी संपते.

रेषेच्या आत पावसाळा सरता सरता गवत चांगलं उंच झालेलं असतं. पवन्या, मारवेल, कुसळी. आता चराईबंदी नसलेल्या कुठल्याही गावच्या गायरानात जा. तिथं गवत बोटभर उंचीचं, जमिनीला चिकटून बसलेलं. हरळी तर अशी पसरलेली असते, की गणपतीला दूर्वा काढताना बसकण मारावी लागते. एवढा फरक का? सोपं आहे, तुम्ही म्हणाल: इकडे गुरं खातात, तिकडे खात नाहीत.

बरोबर. पण थांबा, या ‘सोपं आहे’च्या पोटात दोन वेगळी उत्तरं लपलेली आहेत. एक उत्तर असं, की गायरानातलं गवतही मुळात उंचच जातीचं आहे, फक्त रोज कुरतडलं जातं म्हणून बुटकं दिसतं. ते ठोंब उपटून तुमच्या परसात लावलं आणि शेळीपासून वाचवलं, तर भराभर वाढेल. दुसरं उत्तर जास्त गमतीचं आहे: तिथलं गवत आता जन्मानंच बुटकं झालंय. परसात लावा, खत घाला, पाणी घाला, लाड करा. ते बसूनच राहील.

कुठलं उत्तर खरं, हे नुसतं बघून कळत नाही. त्यासाठी गवत उपटावं लागतं.

अमेरिकेत मेरिलंड नावाचं राज्य आहे. तिथं एका कुरणात गवतं आणि क्लोव्हर नावाची चाऱ्याची वनस्पती यांचं मिश्र बियाणं पेरलं होतं. मग कुरणाचे दोन भाग केले. एका भागात गुरं सोडली, भरपूर चारली. दुसऱ्या भागात गुरांना मज्जाव. गवत वाढू द्यायचं आणि कापून वाळवून न्यायचं. बघा, अर्ध्या कुरणात चराईबंदीच झाली की! तीन वर्षांनी केम्प नावाच्या शास्त्रज्ञानं दोन्ही भागांतली रोपं मुळांसकट उपटली आणि एकाच बागेत शेजारी शेजारी लावली. तीच माती, तेच पाणी, तेच ऊन, आणि एकही गाय नाही. १९३७ साली त्यानं निकाल छापला. बिनगुरांच्या भागातून आणलेली बहुतेक रोपं ताठ आणि उंच वाढली. चराऊ भागातून आणलेल्या रोपांत बुटकी, जमिनीवर सरपटणारीच फार होती. गाय केव्हाच मागे राहिली होती, तरी ही रोपं बसूनच होती!

तीन वर्षांत! बियाणं एकच होतं, हे विसरू नका.

मग काय झालं असेल? गवत गाईला घाबरून खाली बसायला शिकलं? अजिबात नाही. गवताला डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि गाय आली हे कळलं तरी उठबस करण्याची सोय नाही. खरी गोष्ट अशी, की पेरलेल्या बियाण्यात पहिल्यापासूनच सगळे नमुने होते. काही ताठ वाढणारे, काही मध्यम, काही आळशासारखे लोळणारे. गाईनं ताठ उभ्यांचे शेंडे ओरबाडले, त्यांना ना नीट वाढता आलं, ना तुरा आणता आला. जमिनीला चिकटलेले तिच्या तोंडी लागले नाहीत, ते पसरले. तीन वर्षांनी मोजदाद केली तेव्हा लोळणाऱ्यांची संख्या जास्त भरली. तुमच्या वर्गातली पाच सगळ्यांत उंच मुलं शाळा सोडून गेली तर वर्गाची सरासरी उंची कमी होते, पण म्हणून कुणी आकसतं का? तसंच. एकही रोप बदललं नाही. बदलला तो सगळ्यांचा मिळून झालेला जथा.

उत्क्रांती म्हणतात ती हीच. पुष्कळ पुस्तकांत तिचं चित्र म्हणून वाकलेल्या माकडापासून ताठ माणसापर्यंत एक रांग काढलेली असते, जणू एकच प्राणी चालता चालता बदलत गेला. मला ते चित्र मुळीच आवडत नाही. एकटा जीव उत्क्रांत होत नाही. पिढीमागून पिढी जाते आणि जथ्यात कुणाचं प्रमाण किती, ते बदलत जातं.

त्यासाठी फारसं काही लागतही नाही. जथ्यात एकमेकांपासून फरक हवेत. ते फरक आई-बापाकडून पिलांकडे उतरायला हवेत. आणि काहींना जास्त पिलं, काहींना कमी, असं व्हायला हवं. फरक येतात कुठून? प्रत्येक जीवाच्या पेशीत त्याच्या घडणीची जनुकं असतात, आणि पिढीला पिढी देताना त्यांची नक्कल होते. नक्कल करताना क्वचित एखादी चूक राहते. तिला उत्परिवर्तन म्हणतात. बऱ्याच चुकांनी काहीच बिघडत नाही, काहींनी बिघडतं, आणि एखादी चूक नेमकी गाय येणार त्या कुरणात उपयोगी पडते. चूक होताना गाईचा पत्ताही नसतो! चार्ल्स डार्विनला जनुकांबद्दल काहीच माहीत नव्हतं. तरी १८५९ साली त्यानं हे ‘निवडी’चं गणित मांडलं, याचं आजही नवल वाटतं.

आता एक अवघड प्रश्न. गुरं नाहीत तिथं ही निवड थांबते का? बिनगुरांच्या भागातही बुटक्या रोपांचं बी पडलं होतं. त्यांना कुणी खाल्लं नाही. मग ती फारशी का उरली नाहीत? कारण शेजारी ताठ वाढले आणि त्यांच्या सावलीत बुटक्यांना ऊन मिळेना. तिथं गाईऐवजी शेजाऱ्यानंच निवड केली. म्हणजे ‘बुटकं चांगलं की उंच चांगलं’ याला उत्तरच नाही. आधी सांगा, गाय आहे का?

आणि विळा? विळासुद्धा निवड करतो. समजा, एखाद्या कुरणात दरवर्षी ठरावीक महिन्यातच कापणी होते. ज्या झाडांचं बी त्याआधी पिकून गळलं ती वाचली, उशिरा पिकणारी भाऱ्यात बांधली गेली. युरोपातल्या जुन्या गवती कुरणांत काही रानफुलांच्या जाती अशाच लवकर फुलायला लागल्या आहेत. शेजारच्या न कापलेल्या जागेतले त्यांचेच भाऊबंद मात्र निवांत उशिरा फुलतात.

हिवरे बाजारसारख्या गावाच्या शिवेवर हा प्रयोग तुम्हालाही करता येईल. गावच्या मोठ्या माणसांना विचारून (हे महत्त्वाचं, नियम म्हणजे नियम!) एकाच जातीच्या गवताचे काही ठोंब चराईबंदीच्या आतून घ्या, काही वर्षानुवर्षं चरलेल्या गायरानातून. एकसारख्या कुंड्या, एकसारखी माती, सगळ्यांना वरून सारखं कापा आणि एक पावसाळा वाट पाहा. जात एकच हवी, यावर मात्र अडून बसा. चराईमुळे पवन्या जाऊन त्याच्या जागी हरळी आली, तर तो एका जातीनं दुसऱ्या जातीची जागा घेण्याचा प्रकार झाला. तोही महत्त्वाचा, पण आपली गोष्ट एकाच जातीच्या आत चालली आहे. कुंडीतलं बुटकं उंच झालं तर समजा, दातांनीच ते बुटकं ठेवलं होतं. बुटकंच राहिलं, तर दातांनी त्याच्या वाडवडिलांना निवडलं होतं. दोन्ही निकाल छान आहेत, वहीत लिहून ठेवा.

(शेळीवर मात्र मघापासून थोडा अन्याय होतोय. तिला गवतापेक्षा झुडपांचा पाला जास्त आवडतो. जमिनीलगत गवत कुरतडण्यात मेंढी पटाईत. गाय तर जीभ गवताभोवती गुंडाळून ओढून तोडते, म्हणून तिच्या मागे थोडं तरी गवत शिल्लक राहतं.)

कुसळी गवताबद्दल वेगळं सांगायलाच हवं, कारण असा इरसाल गडी दुसरा नाही. दिवाळीनंतर माळावरून चालून आलात की मोज्यांत, पॅंटमध्ये जे काही रुतून बसतं आणि टोचत राहतं, ते त्याचं बी. बियाच्या एका टोकाला अणकुचीदार टोक, त्यावर मागे वळलेले केस. दुसऱ्या टोकाला लांब, तपकिरी, पीळ पडलेला केसाळ धागा, म्हणजे कुसळ. एक कुसळ घ्या, ओलं करा आणि तळहातावर ठेवा. ते हळूहळू फिरायला लागेल! ओलं झालं की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो. माळावर रात्री दव पडतं, दिवसा ऊन लागतं. कुसळ फिरतं, उलटं फिरतं आणि प्रत्येक फेऱ्यात बी जमिनीत थोडं थोडं घुसत जातं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. बी अशा रीतीनं स्वतःला पेरून घेतं. मुंगीपासून वाचतं, वणव्यापासूनही वाचतं. चार्ल्स डार्विनच्या मुलानं, फ्रान्सिसनं, अशाच एका परदेशी गवताचं कुसळ कसं फिरतं याचा अभ्यास करून १८७६मध्ये निबंध लिहिला होता. बापानं जगभरची कोडी सोडवली, मुलगा कुसळं भिजवत बसला. मला हे घर फार आवडतं.

हे यंत्र कुणी बनवलं? कुणीच नाही. ज्या बियांच्या कुसळाला थोडा जास्त पीळ होता, त्या थोड्या जास्त खोल गेल्या, थोड्या जास्त उगवल्या. असं हजारो पिढ्या चाललं. थोडं, थोडं आणि थोडं. उत्क्रांतीला घाई नसते.

आणि तुमच्या मोज्यात रुतलेलं ते बी? तुम्ही ते दुसऱ्या गावी जाऊन काढून टाकता. झालं, एका माळाची जनुकं दुसऱ्या माळावर पोचली! धनगरांची मेंढरं दिवाळीनंतर घाट उतरून कोकणाकडे जातात, त्यांच्या लोकरीतून तर किती बिया प्रवास करत असतील. याला जनुकप्रवाह म्हणतात, आणि तो निवडीचं काम कधी सोपं करतो, कधी बिघडवतो. समजा, चराईबंदीच्या डोंगरावर उंच गवताचं बस्तान बसलंय, पण शेजारच्या गायरानातून बुटक्यांचं बी सारखं येतंच राहिलं, तर दोन्हीकडचं गवत फारसं वेगळं होणारच नाही.

कधी कधी तर निवडीचा काही संबंधच नसतो; नुसता योगायोग चालतो. जथा मोठा असेल तर योगायोगानं फारसं बिघडत नाही. जथा लहान झाला की बिघडतं. माळढोक हा आपल्या नगर-सोलापूरच्या गवताळ माळांवरचा भला मोठा पक्षी. त्याच्यासाठी १९७९मध्ये अभयारण्य झालं, तरी तो घटतच गेला. पक्षी मोजकेच उरले, की कुणाची जनुकं पुढे जाणार आणि कुणाची कायमची संपणार, हे अंगच्या गुणांपेक्षा नशिबावर ठरायला लागतं. शास्त्रज्ञांनी देशातल्या माळढोकांच्या डीएनएचे नमुने तपासले तेव्हा त्यांच्यात वैविध्य फार कमी उरलेलं आढळलं. वैविध्य नाही म्हणजे निवडायलाच काही नाही. उद्या नवा रोग आला, तर त्याला पुरून उरणारा एखादा तरी पक्षी जथ्यात असेल की नाही, कोण जाणे.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी कपाशी असेल, शेवगाव-पाथर्डीकडे तर असेलच, तर उत्क्रांती काय चीज आहे हे तुमच्या घरच्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. फक्त ते तिला उत्क्रांती म्हणत नाहीत. गुलाबी बोंडअळी म्हणतात.

ही अळी बोंडात शिरून सरकी खाते. बाहेरून बोंड धड दिसतं, फोडलं की आत नासाडी. २००२मध्ये भारतात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचं जनुक या कपाशीत घातलेलं असतं. त्यामुळे झाडाच्या पानापानांत, बोंडांत एक असं प्रथिन तयार होतं, की ते खाल्लेली अळी मरते. सुरुवातीला अळ्या मेल्या, फवारण्या घटल्या, सगळे खूश. पण लाखो अळ्यांच्या जथ्यात, आधीपासूनच, एखाद-दुसरी अशी होती की तिच्यावर त्या विषाचा परिणाम होत नव्हता. पूर्वी तिला या गुणाचा काडीचा उपयोग नव्हता. आता बाकीच्या मेल्या आणि सगळं शेत हिचं! २०१०पर्यंत गुजरातेत अशा अळ्या सापडल्याचं जाहीर झालं. मधल्या काळात, २००६ मध्ये, दोन विषं असलेलं बियाणं आलं होतं; पुढच्या काही वर्षांत अळीनं तेही पचवलं, आणि २०१७मध्ये विदर्भ-मराठवाड्यात तिनं हाहाकार केला.

यावर एक उपाय पहिल्यापासून सांगितलेला होता, आणि तो ऐकायला अगदी वेड्यासारखा वाटतो: शेताच्या कडेनं थोडी साधी, बिनबीटी कपाशी लावा आणि अळ्यांना ती खुशाल खाऊ द्या. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या बियाण्याची वेगळी पुडी त्यासाठीच मिळायची. वेडेपणातलं शहाणपण असं. अळीचा पुढे पतंग होतो. प्रत्येक पतंगाला जनुकाची एक प्रत आईकडून, एक बापाकडून मिळते. विष पचवायचं तर बहुधा दोन्ही प्रती ‘पचवणाऱ्या’ लागतात. साध्या कपाशीवर ढिगानं साधे पतंग तयार झाले, की विष पचवणाऱ्या मोजक्या पतंगांची लग्नं त्यांच्याशीच लागणार. त्यांच्या पिलांना एकच प्रत मिळणार, आणि ती पिलं बीटी कपाशी खाऊन मरणार. साध्या पतंगांची पैदास हाच औषधाचा जीव! पण अळीला मुद्दाम पोसायला कोण तयार होणार? पुष्कळांनी ती पुडी बांधावर टाकून दिली. शेतकऱ्यांना दोष देणं सोपं आहे. ज्याचं पोट त्या दोन एकरांवर आहे, त्याला ‘थोडं नुकसान करून घे, म्हणजे दहा वर्षांनी फायदा होईल’ हे पटवून देणं सोपं नाही. शिवाय फरदड होतीच. एकदा वेचणी झाल्यावरही कपाशी शेतात महिनोन् महिने उभी ठेवली, की अळीच्या आणखी पिढ्या फुकटात निघतात. आणि जितक्या पिढ्या जास्त, तितकी निवड भराभर.

आता हरभऱ्यातली घाटेअळी घ्या. तीही कपाशी खाते, पण शिवाय हरभरा, तूर आणि किती तरी इतर पिकं खाते. या पिकांत बीटीचं विष नसतं. म्हणजे घाटेअळीच्या जथ्यात साध्या पतंगांचा पुरवठा आपोआप होत राहतो, कुणी पुडी पेरो वा न पेरो. गुलाबी अळी मात्र जवळजवळ कपाशीवरच जगते. एकच शत्रू, एकच विष; पण एकीला ते आधी पचलं, कारण तिच्या ताटात दुसरं काहीच नव्हतं. अमेरिकेतल्या ॲरिझोना भागात शेतकऱ्यांनी साध्या कपाशीच्या पट्ट्या नीट राखल्या, पुढे वांझ केलेले पतंगही कोट्यवधींनी सोडले, आणि २०१८मध्ये अमेरिकेनं गुलाबी बोंडअळी आपल्या कपाशीतून संपल्याचं जाहीर केलं. अळी तीच, बियाणं तसंच.

तीन वर्षांत गवत, दहा-पंधरा वर्षांत अळी. मग कोट्यवधी वर्षं मिळाली तर काय काय होईल?

त्यासाठी हिवरे बाजारच्या विहिरीत डोकवा. आत जो काळा पाषाण दिसतो तो म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर थरांवर थर ओतला गेला, त्यातलाच. आता याच लाव्ह्याच्या पूर्वेच्या कडेला, चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ, पिसदुरा नावाचं गाव आहे. तिथं लाव्ह्याखालचा, म्हणजे लाव्हा येण्याआधीचा, चिखल-मातीचा थर उघडा पडलाय. त्यात डायनासोरची हाडं आहेत, आणि भरपूर दगडी गोळे. हे गोळे म्हणजेच दगड झालेलं शेण. मॅटली नावाच्या भूशास्त्रज्ञानं १९३९ मध्येच त्यांच्यावर लिहिलं होतं.

शेणात काय काय असतं, हे शेणी थापणाऱ्या कुणालाही विचारा: खाल्लेल्याचा पत्ता. भारतातल्या वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याचे ते गोळे फोडून, आम्लात विरघळवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. आणि त्यांना त्यात गवत सापडलं! पान नव्हे, पान कधीच गेलं होतं. गवत मातीतून सिलिका शोषून घेतं आणि पेशी-पेशीत तिचे काचेसारखे बारीक कण घडवतं. त्यांना फायटोलिथ म्हणतात. प्रत्येक कुळाच्या गवतात त्यांचा आकार वेगळा, आणि ते कुजत नाहीत. शेणात निदान पाच प्रकारच्या गवतांचे कण निघाले. हे २००५ साली छापून आलं आणि जगभर खळबळ उडाली, कारण तोवर समज असा होता, की डायनासोर संपल्यावर बऱ्याच काळानं, साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या सुमाराला, गवत आलं. डायनासोरच्या चित्रात पायाखाली गवत काढणाऱ्या चित्रकाराला आधी हसत असत. नंतर हसणं बंद झालं. अर्थात लांब मानेचे ते राक्षस काही गवतावरच जगत नव्हते. ताड-माडांची भावंडं, सूचिपर्णी झाडं, सगळंच त्या शेणात होतं. गवत तोंडी लावण्यापुरतं.

काचेचे कण चघळायचे म्हणजे दात झिजणार. पानावरची धूळ-माती त्यात भर घालते. म्हणून गवत खाणाऱ्यांचे दात बघण्यासारखे असतात: हिरडीच्या आत खोलवर उंच, झिजले तरी पुरवठा चालू. डायनासोरांच्या शेवटच्या काळातला भारतथेरियम नावाचा एक चिमुकला सस्तन प्राणी भारतातच सापडलाय, आणि त्याच्या दाढाही अशाच उंच आहेत. पुढे घोडा, गाय, मेंढी, काळवीट यांच्या पूर्वजांत, गवताळ माळ पसरत गेले तशा, उंच दाढा वेगवेगळ्या वेळी तयार झालेल्या दिसतात. गवतानं काच केली, जनावरांनी दात उंच केले. कोण कुणाला घडवतंय ते सांगता येत नाही.

घरच्या गाईचं तोंड कधी नीट पाहिलंय? वरच्या जबड्यात पुढचे दातच नाहीत! तिथं टणक हिरडी. शेळीलाही नाहीत, मेंढीलाही नाहीत, आणि कर्जत तालुक्यात रेहेकुरीच्या अभयारण्यात उड्या मारणाऱ्या काळविटालाही नाहीत. (मागच्या दाढा मात्र जबरदस्त असतात, तेव्हा बोट घालून खात्री करू नका.) आता तिचा पाय पाहा. जमिनीवर टेकतात ती दोन खुरं, आणि मागे जरा वर, जमिनीला न टेकणाऱ्या, दोन इवल्याशा खुऱ्या. त्यांचा चालताना काय उपयोग? सपाट, कडक जमिनीवर जवळजवळ काहीच नाही. मग आहेत कशाला? गाईच्या फार जुन्या पूर्वजांना जास्त बोटं होती. मधली दोन भार पेलायला मोठी झाली, कडेची दोन आखडत गेली आणि अजून पुरती गेलेली नाहीत. डुकराच्या पायात तीच कडेची बोटं बऱ्यापैकी मोठी दिसतात. शेळीलाही त्या खुऱ्या आहेत, काळविटालाही आहेत. वरचे दात नसण्यात आणि पायाच्या घडणीत सगळ्यांचं इतकं जमतं, कारण त्यांचे पूर्वज एक होते. आपल्या जिल्ह्यातच नेवाशाजवळ, प्रवरेच्या जुन्या गाळात, पुरातत्त्वज्ञ हसमुख सांकलिया यांना अश्मयुगातल्या हत्यारांसोबत बॉस नामाडिकस नावाच्या रानबैलाची हाडं मिळाली होती. गाईगुरांच्या कुळातला हा अवाढव्य नातलग, आता नामशेष झालेला.

जाता जाता शेणाचं उरलेलं सांगून टाकू. २०११मध्ये वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या शेणातल्या काचकणांवर पुन्हा काम केलं, आणि त्यातले काही कण भाताच्या कुळातल्या गवताचे असल्याचं दाखवलं. म्हणजे आज आपण ज्याला तांदूळ म्हणतो त्याचे फार लांबचे चुलत-चुलत वाडवडील डायनासोर खात होते, महाराष्ट्रात, वरोऱ्याजवळ. रात्री वरणभात वाढताना आईला हे सांगायचं का, ते तुमचं तुम्ही ठरवा. सांगितलंत तर शेणाचा भाग जेवण झाल्यावर सांगा.